अर्धं वाक्य त्यांचं

आमचे हे इंग्रजीचे मास्तर. म्हणजे होते. अजून माझ्या तोंडात ‘आहेत’च येतं, आणि मग समोरचा माणूस जमिनीकडे बघायला लागतो, म्हणून आता मुद्दाम ‘होते’ म्हणते.

पुढची खोली म्हणजे यांचा वर्ग. तिथे एक फळा, बाक, आणि एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवलेलं टेबल. मागची खोली म्हणजे माझं स्वयंपाकघर. मधे दार होतं, पण ते कधी लागलंच नाही. लाकूड फुगून अडकायचं. सुताराला बोलावून रंधा मारून घ्या, असं मी लग्न झाल्यापासून सांगत आले. ह्यांचं आपलं, ‘बघू उद्या.’ जगाचं व्याकरण सरळ करायला सवड होती, घरचं दार सरळ करायला नव्हती.

पूर्वी एका शाळेत नोकरी होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती शाळा बंद पडली आणि मास्तर घरी आले. दुसरा एखादा डोक्याला हात लावून बसला असता. ह्यांनी बंद शाळेचेच बाक मागून आणले, पुढच्या खोलीतला पलंग माझ्या स्वयंपाकघरात ढकलला आणि शिकवणी सुरू केली. मला विचारलं का? छे! पलंगावर बसून भाजी निवडायला लागले तेव्हा मला कळलं की आपल्या घरात आता शाळा आहे.

शिकवायची पद्धत एकच. अर्धं वाक्य ह्यांनी म्हणायचं, पुढचं पोरांनी. टेबलावर दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, ‘एव्हरीबडी…’ की सगळी पोरं एका सुरात, ‘इज!’ पुन्हा टकटक. ‘नोबडी…’ ‘इज!’ ‘बोथ…’ ‘आर!’ ‘ईच…’ ‘हॅज!’ रोज शिकवणीची सुरुवात यानंच. धडा कुठलाही असो, आधी ही टकटक. शेजारी म्हणायचे, तुमच्याकडे घड्याळ लावायची गरज नाही.

पोरं बिचारी गोंधळायची. एव्हरीबडी म्हणजे सगळे ना सर, मग सगळ्यांना ‘इज’ कसं? सगळ्यांना ‘आर’ हवं! दरवर्षी कोणीतरी हे विचारायचंच, आणि दरवर्षी ह्यांचा चेहरा असा फुलायचा, जसं काही हा प्रश्न जगात पहिल्यांदाच कोणाला सुचलाय. म्हणायचे, ‘बाळांनो, एव्हरीबडी म्हणजे घोळका नव्हे. घोळक्यातला एकेक जण. एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, हा आहे, ही आहे, हा आहे. कोणी सुटता कामा नये.’ आणि खरंच उठून एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत जायचे. हात खडूनं पांढरा. पोरं घरी जायची ती डोक्यावर पीठ सांडल्यासारखी, आणि त्यांच्या आया येऊन भांडायच्या माझ्याशी! सरांना कोण बोलणार? सर म्हणजे देवमाणूस. मास्तरीणबाई आहेच ऐकून घ्यायला.

एकदा मी चिडून म्हटलं, ‘अहो, तुमच्या इंग्रजीची तऱ्हाच न्यारी. गावभर माणसं गोळा झाली तरी एकच. आणि आमच्या मराठीत तुम्ही एकटे घरात आलात तरी आम्ही म्हणायचं, हे आले. एकटा माणूस आणि थाट वरातीचा!’ झालं. हसून हसून ह्यांना ठसका लागला. पुढे कित्येक वर्षं दर वर्गात सांगायचे, ‘आमच्या घरात एक विदुषी आहेत, त्यांचं असं म्हणणं आहे…’ पोरं माना वळवून दारातून माझ्याकडे बघायची आणि मी हातात कांदा घेऊन मख्खासारखी उभी.

विदुषी! दिव्याखाली अंधार तो. नवीन लग्न झालं तेव्हा मी म्हटलं होतं, मलाही शिकवा की. मीही बसते बाकावर. तर म्हणाले, ‘तू बसलीस तर पोरं फळ्याकडे बघतील का?’ मी लाजले, मला वाटलं लाडानं म्हणाले. थोड्या दिवसांनी पुन्हा विचारलं. ‘बघू उद्या.’ तिसऱ्यांदा मी विचारलं नाही. माझाही स्वभाव असा की एकदा मान फिरवली की फिरवली. ह्यांच्यामुळे लोकांच्या पोरी नर्सा झाल्या, पोरं जहाजावर गेली, हॉटेलात परदेशी पाहुण्यांशी फाडफाड बोलायला लागली. मी आपली औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचायला लेकीला हाक मारायची. मला त्याचं वाईट वाटायचं. कोणाला सांगितलं नाही, पण वाटायचं.

फक्त एक होतं. धडा संपला की हे फळा पुसायचे, फडकं झटकायचे आणि दाराकडे तोंड करून म्हणायचे, ‘ऐकलंस का?’ तेवढंच. म्हणजे चहा टाक. पोरांना ते पक्कं ठाऊक होतं. ‘ऐकलंस का’ झालं की दप्तरं भरायची, शिकवणी सुटली. आणि मी आतून, ‘ऐकलं, ऐकलं! कान आहेत मला!’ रोज हेच. माझ्या नावानं ह्यांनी मला कधी हाक मारली नाही. माझं नाव ‘ऐकलंस का’. मला ते आवडायचं, हे आता सांगायला काय हरकत आहे?

एका सकाळी दाढी करता करता वस्तरा हातातून पडला. मी म्हटलं, ‘काय हो, झोप झाली नाही का?’ वळून बघितलं तर तोंडाची एक बाजू ओघळलेली आणि डोळ्यांत नुसतं भय. उजवं अंग गेलं. हॉस्पिटलात जीव वाचला, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना बरंच, पण शब्द बाहेर येत नाहीत. जो माणूस जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात शब्द घालत आला, तो पाणी हवंय म्हणून सांगू शकेना. मी खाटेजवळ बसून राहायचे. लेक सासरहून धावत आली होती. आम्ही दोघी आळीपाळीनं रडायचो, एकदम रडलो तर त्यांना कळेल म्हणून.

काही दिवस असेच गेले. मग एका दुपारी मी घरी कपडे आणायला गेले असताना हे बोलले. ‘एव्हरीबडी…’

लेकीनं आनंदानं सगळ्यांना फोन केले. माझे थोरले दीर आले. ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आणि अजून घरातल्यांना हाताखालची माणसं समजणारे. खाटेशी वाकून म्हणाले, ‘काय रे, काय हवंय तुला?’ हे पुन्हा म्हणाले, ‘एव्हरीबडी…’ आणि डाव्या हाताची बोटं खाटेच्या कडेवर दोनदा आपटली. दीर सरळ उभे राहिले. म्हणाले, ‘त्याला सगळ्यांना भेटायचंय. बोलवा सगळ्यांना. वेळ घालवू नका.’

आणि काय सांगू तुम्हाला! सगळा गोतावळा लोटला. नणंदा आल्या, त्यांचे नवरे आले, चुलतभाऊ आले, एकमेकांशी न बोलणारेही आले. अंत जवळ आला असं समजून कोणी फुलं आणली, कोणी रडतच आत शिरलं. खोलीत मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. दीर एकेकाला पुढे ढकलतायत, ‘हा बघ, हा आलाय. ही बघ, ही आली.’ आणि हे? घामानं भिजलेले, लालबुंद, मान हलवतायत, नाही, नाही, आणि बोटं आपटतायत. ‘एव्हरीबडी… एव्हरीबडी…’ दीर म्हणतात, ‘अजून कोण राहिलं? आठवा, अजून कोण राहिलं?’

घरचं आवरता आवरता मला संध्याकाळ झाली होती, मी तेव्हाच कपड्यांची पिशवी घेऊन दारात पोचले. गर्दीत मला आत शिरता येईना. माणसांच्या खांद्यांवरून मला फक्त ती टकटक ऐकू आली, आणि ‘एव्हरीबडी…’

आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, ‘इज.’

मी ठरवून नाही हो म्हटलं. तीसेक वर्षं कांदे चिरता चिरता ऐकलेलं, ते कुठे जाणार? तोंडात बसलेलं. ह्यांची मान माझ्याकडे वळली. बोटं दोनदा वाजली. ‘नोबडी…’

‘इज,’ मी म्हटलं.

‘बोथ…’

‘आर.’

ह्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. उशीवर मान टाकली आणि हुश्श केलं. इतका वेळ कोणी उत्तरच देत नव्हतं ना! दीर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, ‘हे काय आहे?’ मी म्हटलं, ‘भाऊजी, शिकवणी आहे.’ आणि तिथेच, सगळ्या सासरच्यांदेखत, हमसून हमसून रडले.

हॉस्पिटलात एक वाचा शिकवणाऱ्या बाई होत्या. तरुण पण शहाणी मुलगी. तिनं समजावून सांगितलं की बोलायची जागा दुखावली तरी घोकून पाठ झालेलं कधीकधी वेगळ्या कोपऱ्यात शाबूत राहतं. ‘त्या वाटेनं बोलत राहा, काकू. रोज. कदाचित त्याच वाटेनं आणखीही काही येईल.’

मी तिला बाजूला घेऊन विचारलं, ‘मला हाक मारतील का?’

ती म्हणाली, ‘येईल कदाचित. वचन नाही देता येत.’

तेवढंच मला हवं होतं. चालले नाहीत तरी चालेल, हात हलला नाही तरी मी आहे भरवायला. पण एकदा मला हाक मारावी. दुसरं काही मी मागितलं नाही, देवाजवळ नाही आणि डॉक्टरांजवळ नाही.

घरी आणलं. पुढच्या खोलीत टेबलाजवळ खुर्ची ठेवली, हातांची, उशा लावून. आणि पहिल्या दिवशी दुपारी मी ताटल्या घासून हात पुसत आले तर ह्यांनी डाव्या हातानं पहिल्या बाकाकडे बोट केलं. बस.

बसले. काय वाटलं ते मला नीट सांगता यायचं नाही. एवढी वर्षं मी तो बाक झाडला, पुसला, त्याच्याखालचा चिकटलेला कचरा खरवडला, पण त्यावर बसले नव्हते. रागही आला. आता? आता बसवता होय? सगळं शहाणपण सरल्यावर? आणि हसूही येत होतं. पोरांसारखे हात समोर ठेवून बसले. टकटक. ‘एव्हरीबडी…’

रोज दुपारी आमची शिकवणी. माझं उत्तर बरोबर आलं की एकदा मान हलवायचे. चुकलं की टेबलावर पंजा आपटायचे, आणि मीही ऐकून घेणारी नव्हे. मी म्हणायची, ‘ओरडा, ओरडा. फी नाही देत म्हणून ओरडताय का?’ मग हे ओघळलेल्या तोंडानं हसायचे. अर्धंच हसू, पण ह्यांचंच.

एका दिवशी गाडी अडली. म्हणाले, ‘ऑल…’ मी म्हटलं, ‘आर.’ पंजा आपटला. म्हटलं, ‘बरं, इज.’ पुन्हा पंजा. मी वैतागले. ‘दोन्ही नाही म्हणता, मग काय माझं डोकं?’ डोळ्यांनी सारखे काहीतरी मागत होते. आणि मग मला आठवलं. ऑल, सम, नन, या तिघांना हे ‘कुंपणावरची मंडळी’ म्हणायचे. पोरांना सांगायचे, इथे उत्तराची घाई करायची नाही. आधी विचारायचं, कशाबद्दल?

मी विचारलं, ‘कशाबद्दल?’

असा आनंद मी त्या चेहऱ्यावर लेक झाली तेव्हाही पाहिला नव्हता. डावा हात हळूहळू उचलला आणि पेल्यातल्या दुधाकडे बोट केलं. ‘ऑल…’ ‘इज,’ मी म्हटलं. मग बाकांकडे बोट. ‘ऑल…’ ‘आर.’ मग खिडकीतल्या उन्हाकडे. मग दारातल्या चपलांकडे. मग फळ्यावरच्या खडूच्या भुकटीकडे. मी विचारायचं कशाबद्दल, त्यांनी दाखवायचं. संध्याकाळ होईपर्यंत आम्ही अख्खं घर फिरलो, जागचे न हलता. आजारपणानंतर त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा गप्पा मारल्या, असं मी म्हणेन.

पण ‘ऐकलंस का’ काही येईना. मी काय काय केलं! चहाला मुद्दाम उशीर करायचे. आत नुसती उभी राहायचे, कपबशी वाजवायचे, कान दाराकडे. वाटायचं आता म्हणतील, आता तरी चिडून म्हणतील. आणि बाहेरून यायचं, ‘नोबडी…’ मी आतूनच म्हणायची, ‘इज!’ आणि चहा ओतायची.

लेक म्हणाली, ‘आई, तू त्यांना तेच का नाही शिकवत? तू म्हण, ऐकलंस का, आणि त्यांच्याकडून म्हणवून घे.’

मी तिच्या अंगावरच गेले. ‘पढवून म्हणवून घ्यायचं असतं तर पोपट पाळला असता. हाक अशी मागून घ्यायची असते का गं?’ मला अजून वाटतं मी बरोबर बोलले. कधी वाटतं, काय अडलं होतं पोपटासारखं म्हणवून घ्यायला?

त्यानंतर एकदा लेक राहायला आली होती. मला म्हणाली, ‘आई, तू कितीतरी दिवसांत उंबरा ओलांडला नाहीस. स्वतःकडे बघ आरशात. मी आहे बाबांजवळ, तू बाहेर जाऊन ये.’ मी नको नको म्हणत होते, पण चपलेचा अंगठा तुटला होता आणि ह्यांच्या गोळ्याही संपत आल्या होत्या. ह्यांना सांगितलं, ‘अहो, जाऊन येते. तुमची शिकवणी बुडवत नाही, वेळेवर येते.’ ह्यांनी मान हलवली.

गोळ्या घेतल्या. चप्पल घेतली. परत येताना ओळखीची बाई भेटली, ह्यांच्याच एका विद्यार्थ्याची आई. सर कसे आहेत, विचारलं. कोणीतरी आपुलकीनं विचारलं की बोलणं लांबतंच. मी उभी राहिले बोलत.

घरी आले तर लेक दारातच. रडतेय आणि हसतेय. ‘आई, बाबा बोलले! मराठीत बोलले! ऐकलंस का म्हणाले!’

माझ्या हातातली पिशवी खाली पडली. म्हटलं, ‘कधी?’

‘आत्ता गं. शिकवणीची वेळ झाली तसे टेबल वाजवायला लागले. मी उत्तरं दिली, सगळी बरोबर दिली. मग फळ्याकडे बघितलं, दाराकडे तोंड केलं आणि स्वच्छ म्हणाले, ऐकलंस का. मी म्हटलं, बाबा, आई बाहेर गेलीय. तर पुन्हा म्हणाले. दोनदा म्हणाले. मग नुसते दाराकडे बघत बसले.’

मी तिचा दंड धरला. ‘कसं म्हणाले? म्हणून दाखव.’ तिनं म्हणून दाखवलं. ‘असं नव्हे. कुठल्या सुरात? रागानं की नेहमीसारखं?’ ‘नेहमीसारखंच आई, चहा हवा असला की म्हणतात तसं.’ ‘पुन्हा म्हण.’ ती पुन्हा म्हणाली. पोरीनं जीव तोडून म्हटलं हो, पण तो तिचा आवाज. मी म्हटलं, ‘पुरे.’

ते शब्द नंतर परत आले नाहीत. आठवडा उलटायच्या आत दुसरा झटका आला, आणि त्यात सगळंच थांबलं. लोक म्हणतात, निदान बोलले तरी, समाधान मान. मी म्हणते, मानते. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मी तशीच आत गेले, नवी चप्पल पायात घेऊनच. ह्यांच्यासमोर बाकावर बसले. म्हटलं, ‘अहो, आले मी. हाक मारलीत ना? आता म्हणा. मी आहे इथे. म्हणा ना.’ ज्या गोष्टीला मी लेकीपुढे पोपटपंची म्हणून हिणवलं होतं, तीच करत होते. म्हटलं, ‘ऐकलंस का. म्हणा, ऐ-कलंस-का.’

ह्यांनी खूप प्रयत्न केला. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला बघवेना. म्हटलं, ‘राहू द्या. राहू द्या हो. मला पोचलं. चहा टाकते मी.’ आणि उठायला लागले.

तर ह्यांनी टेबल वाजवलं. मी पुन्हा बसले. डावा हात उचलला, टेबलावरून माझ्याकडे आणला, आणि माझ्या डोक्यावर ठेवला. वर्गात ठेवायचे ना, तसा. हाताला खडू नव्हता.

‘एव्हरीबडी…’ म्हणाले, आणि माझ्याकडे बघत थांबले.

मी म्हटलं, ‘इज.’